एका पेल्याची कॉफी
(नभोवाणीवरील भाषण)

कॉफी कशी करावी हा काय नभोवाणीवर भाषण करण्याचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटल्यावाचून राहणार नाही. मी ज्या पेडणे-डिचोलीच्या भागात लहानाचा मोठा झालो, तेथे तर ही शंका अधिकच साहजिक आहे. आमच्याकडे सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की चहा आणि पाव. तिन्हीसांजेस धणे-जिऱ्याचा कषाय. कॉफी ही पाहुण्यांची. मुलगी पाहावयास मंडळी आली, किंवा कोणी शहरगावचा आप्त अवचित दारात उभा राहिला, म्हणजे आई फडताळातला डबा काढी, दूध आटत ठेवी आणि त्यात साखर व जायफळ घाली. त्या कॉफीला कॉफीचा वास थोडा आणि जायफळाचाच फार येई. तिची गोडी मी नाकारीत नाही. पण आज मला बोलावयाचे आहे ते निराळ्या कॉफीविषयी. ही कॉफी दुधावाचून, साखरेवाचून, एका माणसापुरती करता येते आणि तिला लागते ती केवळ एक साधी गाळणी.

या विषयाकडे मी वळलो त्याला एक घरगुती कारण घडले. माझे वडील पेडणे तालुक्यातील एका गावी राहतात. सारे आयुष्य त्यांनी मराठी शाळेत शिकविण्यात घालविले. आई गेली आणि ते त्या मोठ्या घरात एकटे उरले. आम्ही भावंडे नोकरीच्या निमित्ताने पांगलेली. फोनवर विचारले की ते म्हणत, "माझं उत्तम चाललंय." एकदा प्रकृती दाखविण्यास नेले, तेव्हा वैद्यांनी त्यांचे वजन बरेच उतरल्याचे सांगितले आणि साखर बंद केली. मी खोदून विचारले, तेव्हा कळले की कित्येक महिने ते सकाळी काही घेतच नव्हते. "एकट्यासाठी कशाला सगळा खटाटोप मांडायचा?" एवढेच त्यांचे उत्तर होते. श्रोतेहो, आपल्याकडे ज्या घरांतील मुले मुंबईस, आखातात किंवा परदेशी गेली आहेत, त्या घरांत हे वाक्य फार ऐकू येते. आपली चूल, आपली भांडी, आपली सारी रीत चार माणसांसाठी घडलेली असते. एकाच माणसासाठी स्वयंपाकघरात काही मांडावयाचे म्हणजे त्याला संकोच वाटतो.

त्याच सुमारास मी मोरजीच्या किनाऱ्यावरील एका कॉफीगृहात बसलो होतो. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या आमच्या पेडण्याच्या किनाऱ्यावर जगभरचे लोक येतात. २०२२ च्या डिसेंबरात मोपाच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून तर तालुक्याचे दार थेट जगाकडे उघडले आहे. तेथे एक तरुण मुलगा शंकूच्या आकाराच्या गाळणीत कागद बसवून, त्यात कॉफीची पूड घालून, बारीक चोचीच्या किटलीने पाण्याची धार धरीत होता. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी निराळा पेला! मला एकदम वाटले, ही तर एकट्या माणसाची कॉफी. आणि दुसरे असे वाटले की, हे मी पूर्वी कोठेतरी पाहिले आहे.

पाहिले होते ते डिचोलीस, माझ्या आजोळी. आजीजवळ मलमलीचा एक तुकडा असे. पातेल्यात उकळलेली कॉफी ती त्या तुकड्यातून गाळी. ब्राझीलमधील असंख्य घरांत आजही कापडाची लहानशी पिशवी तारेच्या कड्याला लावून, तीत पूड घालून वरून पाणी ओततात. कापडाच्या जागी कागद आला तो १९०८ साली. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे मेलिटा बेंट्स नावाची एक गृहिणी होती. कॉफीतील गाळ आणि कडवटपणा यांना ती कंटाळली होती. तिने पितळेच्या एका भांड्याच्या तळाला भोके पाडली आणि मुलाच्या वहीतील टीपकागद कापून त्यावर बसविला. वरून पूड, तीवर पाणी. खाली स्वच्छ कॉफी! त्याच वर्षी तिने आपल्या युक्तीची रीतसर नोंद केली आणि घरातूनच धंदा सुरू केला. सांगावयाचे तात्पर्य, किनाऱ्यावर जी मोठी विद्या म्हणून दिसते, तिचा जन्म स्वयंपाकघरात झाला आहे आणि स्वयंपाकघरात ती परत येण्यास कोणाची हरकत नसावी.

कॉफीही आपल्याला परकी नाही. बाबा बुदन नावाच्या साधुपुरुषाने सतराव्या शतकात अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. आज भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. आपल्या शेजारच्या राज्यात, घाट चढून गेले की पलीकडे, ती उभी आहे. आपण ती जवळ असूनही पाहुण्यांपुरती ठेवली, एवढेच.

आता कृतीकडे वळू. साहित्य थोडे आहे: एक गाळणी, तिच्यात बसणारा कागद, पाणी तापविण्याचे भांडे, आणि पेला. गाळणी चिनी मातीची, काचेची किंवा साध्या प्लॅस्टिकची मिळते. महाग तीच चांगली असे नव्हे. प्लॅस्टिकची गाळणी पाण्याची ऊब कमी शोषते, म्हणून नवख्या माणसास ती उलट सोयीची पडते. मातीच्या भांड्यांसाठी आमच्या डिचोलीचे नाव आहे, म्हणून मी एका कुंभाराकडून शंकूच्या आकाराची गाळणी करवून घेतली. ती दिसावयास सुरेख झाली, पण कच्च्या अंगाच्या मातीने कॉफीचा वास आणि तेल पिऊन घेतले आणि आठ दिवसांत तिला खवट दर्प येऊ लागला. दोष कुंभाराचा नव्हे, माझ्या हौसेचा. आतून झिलई दिलेले भांडेच या कामास योग्य.

एका पेल्यास १५ ग्रॅम पूड आणि २५० मिलिलिटर पाणी, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. वजनकाटा नसल्यास जेवणाच्या मोठ्या चमच्याने सपाट तीन चमचे म्हणजे सुमारे १५ ग्रॅम होतात. या हिशेबाने १०० ग्रॅममधून सहा पेले निघतात. पूड अंगावर येणारी बारीक नसावी. जाडसर रव्यासारखी हाताला लागावी. आपल्या बाजारात जी पूड मिळते ती पुष्कळदा दाक्षिणात्य धातूच्या गाळणीसाठी दळलेली असते आणि तीत चिकोरी मिसळलेली असते. किती टक्के, ते पुडक्यावर छापावेच लागते, म्हणून वाचून घ्यावे. चिकोरीची पूड दुधाच्या कॉफीस रंग आणि दाटपणा देते. कागदातून मात्र ती नीट उतरत नाही आणि कॉफीची मूळ चव झाकून टाकते. या पद्धतीला निर्भेळ कॉफी घ्यावी.

पाणी उकळून खाली उतरवावे आणि अर्धा मिनिट थांबावे. सुमारे ९० ते ९६ अंश सेल्सियस एवढी उष्णता पाहिजे. गंमत अशी की, बेळगावकरांना एवढेही थांबावे लागत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना मात्र धीर धरावा लागतो.

कागद गाळणीत बसवून प्रथम त्यावरून थोडे गरम पाणी ओतावे. त्यायोगे कागदाचा वास जातो आणि गाळणी व पेला तापतात. ते पाणी टाकून द्यावे. मग पूड घालून ती सारखी करावी. आता पुडीच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर पाणी, सगळी पूड भिजेल असे ओतावे आणि अर्धा-पाऊण मिनिट हात आवरावा. पूड ताजी असेल तर ती या वेळी फुगून वर येते व तिच्यावर बुडबुडे दिसतात. बिया भाजताना त्यांच्यात जो कर्बवायू साठतो, तो येथे बाहेर पडतो. तो गेल्याखेरीज पाणी पुडीत नीट शिरत नाही. त्यानंतर मध्यापासून कडेकडे गोल फिरवीत, बारीक धारेने, दोन खेपांत उरलेले पाणी ओतावे. प्रारंभापासून शेवटचा थेंब पडेपर्यंत तीन ते साडेतीन मिनिटे लागावीत. पेल्यात सुमारे २२० मिलिलिटर कॉफी येते. उरलेले पाणी पूड स्वतःजवळ ठेवते.

यात घडते काय? भाजलेल्या पुडीतून पाणी आधी आंबट रस उचलते, मग गोडसर, आणि शेवटी कडू व तुरट. म्हणून पाणी फार लवकर निघून गेले तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते. फार वेळ रेंगाळले तर कडू होते. अमेरिकेत १९५० च्या दशकात लॉकहार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने याचा हिशेब मांडला. पुडीच्या वजनाच्या सुमारे १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला म्हणजे लोकांना कॉफी रुचते, असे त्या अभ्यासातून दिसले. आपणांस हा हिशेब करण्याचे कारण नाही. आंबट लागली तर पूड थोडी बारीक करावी, कडू लागली तर जाड करावी; आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे चूक कोठे होती ते कळते.

पेल्यातील जवळजवळ सगळा भाग पाण्याचाच असतो, म्हणून पाण्याविषयी दोन शब्द. आमच्या भागातील जांभ्या दगडात खोदलेल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते आणि कॉफीला ते मानवते. मात्र खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि खाणींच्या बाजूस पाण्यात लोह असेल तर त्याची चव कॉफीत हटकून उतरते. अशा वेळी नळाचे गाळलेले पाणी बरे. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येत असल्यास ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवावे. यंत्रातून काढलेले, क्षाराचा अंशही नसलेले पाणी मात्र येथे कामाचे नाही. थोडे क्षार असल्याखेरीज कॉफीची चव पाण्यात चांगली उतरत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. ज्या हवेत आगपेटीची काडी पेटत नाही आणि पापड पेटीतल्या पेटीत मऊ पडतो, त्या हवेत कॉफीची पूड किती दिवस टिकणार? म्हणून एका वेळी १०० ग्रॅमच आणावी, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावी आणि चमचा कोरडा वापरावा. शीतकपाटातला डबा दिवसातून दोनदा बाहेर काढला तर त्यावर दव धरते आणि पूड अधिकच लवकर बिघडते. घरी हाताने फिरविण्याची लहान चक्की असेल तर अखंड बिया आणून रोज लागतील तेवढ्याच दळाव्यात. बिया पुडीपेक्षा पुष्कळ अधिक टिकतात.

खेडेगावी कागद मिळेलच असे नाही. त्याची अडचण मानू नये. मलमलीचा किंवा धुतलेल्या मांजरपाटाचा तुकडा दोनदा उकळून त्यातील खळ काढावी आणि गाळणीत बसवावा. वापरल्यावर तो साबणाने न धुता गरम पाण्यानेच धुवावा, कारण साबणाचा वास कापड सोडीत नाही. कडक उन्हात वाळवावा. पावसाळ्यात वाळत नसेल तर स्वच्छ पाण्यात बुडवून शीतकपाटात ठेवावा आणि पाणी रोज बदलावे.

कागदाचा एक गुण मात्र कापडापेक्षा अधिक. कॉफीच्या तेलात रक्तातील मेद वाढविणारी काही द्रव्ये असतात. न गाळता उकळून केलेल्या कॉफीतून ती पोटात जातात. स्कँडिनेव्हियात अशी कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. कागद ही द्रव्ये जवळजवळ सगळी अडवून धरतो. तरीही कॉफी ही कॉफीच. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढास दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते असे म्हटले आहे. मी सांगितलेल्या एका पेल्यातच दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असू शकते, आणि रोबस्टा जातीच्या बियांत ते अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणून दिवसाला एक, फार तर दोन पेले, तेही दुपारपूर्वी. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचा किंवा आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी आधी आपल्या वैद्यांना विचारावे.

आता माझ्या वडिलांकडे परत येतो. मोठ्या उत्साहाने मी त्यांच्यासाठी गाळणी, कागद, किटली, वजनकाटा, तापमापक असा सगळा सरंजाम नेला. दोन दिवस राहून त्यांना धडे दिले. "बाबा, पाणी जास्त झालं, बाबा, धार बारीक धरा, बाबा, घड्याळ बघा." ते मुकाट्याने ऐकत होते. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तो सगळे साहित्य फडताळात होते आणि त्यावर धूळ बसली होती. मी रागावलो. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अरे, यात माझं काम काय उरलं? सगळं तूच ठरवून आणलंस. मला नुसतं चुकायचं तेवढं ठेवलंस."

श्रोतेहो, त्या वाक्याने मी वरमलो. ज्याने सारी हयात मुलांना चुकतमाकत शिकू दिले, त्याला मी माझ्या घड्याळापुढे उभे केले होते. मी काटा आणि तापमापक परत घेऊन आलो. गाळणी, कागद आणि किटली तेवढी मागे ठेवली, आणि काही बोललो नाही.

पुढच्या खेपेस गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत एक वही दिसली. शाळेतल्या हजेरीपटासारख्या तीत रेघा ओढल्या होत्या: तारीख, पूड, पाणी, पाढा, गुण. "पाढा कशाला?" मी विचारले. ते म्हणाले, "पूड भिजवून थांबायचं असतं ना? एकोणतीसचा पाढा सावकाश मनात म्हणतो. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद झाले की दुसरं पाणी." मी घड्याळ लावून पाहिले. बरोबर पस्तीस सेकंद! पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःला दहापैकी तीन गुण दिले होते आणि शेरा लिहिला होता, "कडू. घाई केली." महिन्याभराने गुण सातांवर आले होते. दहा मात्र कोणत्याही दिवशी नव्हते. शाळेतही त्यांनी ते कधी कोणाला दिले नाहीत.

एका पेल्या कॉफीने त्यांचे सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. परंतु ही कॉफी निजून होत नाही. तिच्यासाठी उठावे लागते, पाणी आणावे लागते, चार मिनिटे उभे राहून धार धरावी लागते. पाणी तापते आहे तोवर पोदेर येतो. त्याच्याकडून पाव घेतला जातो. कॉफीबरोबर पाव खाल्ला जातो. असे करता करता त्यांची सकाळ पुन्हा बसली आणि वजनाचा काटाही थोडा वर सरकला. पुढे शेजारच्या काकी एकदा कॉफीच्या वासाने डोकावल्या. त्याही घरात एकट्याच. "मास्तर, हे काय करता?" म्हणून त्यांनी विचारले आणि मास्तरांना विद्यार्थी मिळाला. वहीत आता आठवड्यातून दोन दिवस पुडीच्या रकान्यात पंधराच्या जागी तीस लिहिलेले असते.

आपल्या घरी जर कोणी असे एकटे माणूस असेल, तर त्याला ही गाळणी अवश्य नेऊन द्यावी. कृती एकदा सांगावी आणि मग बाजूला बसावे. पहिला पेला बिघडला तरी मुकाट्याने प्यावा. मी ते फार उशिरा शिकलो. आता गावी गेलो की मला किटलीस हात लावू देत नाहीत. मी पाटावर बसतो, वडील पूड भिजवितात, आणि पाढा संपेपर्यंत आम्ही दोघेही गप्प असतो.